पंधरा ऑगस्ट कोणाचा?

गेल्या काही वर्षांत एक युक्तिवाद व्याख्यानमालांतून आणि लेखांतून वारंवार कानावर येतो. १५ ऑगस्ट ही आपली तारीख नाहीच. एका इंग्रज सेनानीने स्वतःच्या विजयाची आठवण म्हणून ती आपल्या गळ्यात बांधली. म्हणून स्वातंत्र्याचा उत्सव एखाद्या शुभ तिथीला करावा. याला टाळ्याही मिळतात. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. त्यातले जे खरे आहे ते मान्य करूनच तो खोडला पाहिजे.

खरे आहे ते असे. पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना आली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकारांपुढे माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्टचा उल्लेख केला. तीच तारीख का, हे त्यांनी पुढे कॉलिन्स आणि लापिएर या लेखकद्वयाला सांगितले: जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती. आग्नेय आशियातील दोस्तराष्ट्रांच्या फौजांचे ते सरसेनापती होते, त्यामुळे तो दिवस त्यांच्या मनात घर करून होता. आपल्याकडच्या ज्योतिष्यांनी तो अशुभ ठरवला आणि त्यातून मध्यरात्रीचा मुहूर्त निघाला, असेही सांगितले जाते.

एवढ्यावरून तारीख परकी ठरते का? शेजारी पाहा. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने दोन्ही देशांना १५ ऑगस्ट हाच दिवस दिला होता. पाकिस्तानने जुलै १९४८ मध्ये काढलेल्या पहिल्या स्मारक तिकिटांवर १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख छापलेली आहे. तरी त्याच वर्षापासून त्यांनी आपला उत्सव १४ तारखेला आणला आणि तो तिथेच राहिला. दिवस बदलणे इतके सोपे होते. आपल्यालाही ते करता आले असते.

आणि तारीख कशी निवडायची हे आपल्या नेत्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली; पुढे सतरा वर्षे लोक त्याच दिवसाला स्वातंत्र्यदिन म्हणत आले. खरे स्वातंत्र्य ऑगस्टमध्ये आले, तेव्हा तो दिवस बेवारस होऊ नये म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमी मुक्रर केली. त्या वर्षी ती १४ ऑक्टोबरला आली होती; आजही नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी दसऱ्याला होते. तिथी आणि तारीख यांचे वजन नेमके जाणणाऱ्या या पिढीने १५ ऑगस्ट तसाच ठेवला. तो गाफीलपणा होता, असे म्हणण्याचा अधिकार आजच्या व्याख्यात्याला कोणी दिला?

याच्या उलट टोकाला दुसरा पक्ष आहे. तो म्हणतो, या तारखेमागे दैवी संकेत आहे. या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे अरविंद घोष. बडोद्याच्या नोकरीत असताना मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मधून काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवर त्यांनी तुटून पडावे, आणि सुरतेत टिळकांच्या बाजूने उभे राहावे, हा त्यांचा काळ मराठी वाचकाला जवळचा आहे. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. १९४७ च्या त्या दिवसासाठी आकाशवाणीला दिलेल्या संदेशात त्यांनी लिहिले की आपल्या वाढदिवशी देश स्वतंत्र होणे हा योगायोग नसून, आपल्या कार्यावर ईश्वरी शक्तीने उमटवलेली मोहोर आहे.

अरविंदांविषयी मला खोल आदर आहे, म्हणूनच हे विधान बाजूला सारून पुढे जाता येत नाही. त्याच दिवशी, १७६९ साली, नेपोलियन जन्मला. १७७१ साली वॉल्टर स्कॉट. युरोपातल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्याच दिवशी मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. नेपोलियनने तर सम्राट झाल्यावर ‘सेंट नेपोलियन’ नावाच्या संताचा उत्सव आपल्या वाढदिवसावर बसवून तो फ्रान्सचा राष्ट्रीय सण केला. वर्षाला दिवस ३६५ आणि इतिहासातल्या घटना अगणित; कोणत्याही तारखेवर थोर आणि क्रूर माणसे शेजारी शेजारी सापडणारच. मोहोर मानायची तर फाळणीवरही तीच मोहोर मानावी लागेल, आणि ती तर अरविंदांनाच मान्य नव्हती. त्याच संदेशात त्यांनी फाळणी जायलाच हवी असे म्हटले आहे.

इथवर माझे मत स्पष्ट होते: योगायोगाला अर्थ नसतो. पण तो संदेश पूर्ण वाचल्यावर मी तिथे थांबू शकत नाही. अरविंदांनी त्यात आपली पाच स्वप्ने सांगितली: एकसंध स्वतंत्र भारत, आशियाचे पुनरुत्थान, जगाचे ऐक्य, भारताचे आध्यात्मिक देणे आणि मानवाची पुढची उत्क्रांती. त्यांतले पहिलेच अर्धवट पुरे झाले होते. तारखेच्या मेळातून त्यांनी स्वतःचे मोठेपण सिद्ध केले नाही, उरलेल्या कामांची यादी केली. योगायोगातून दैव सिद्ध होत नसेल. पण माणूस त्यातून कर्तव्य पत्करू शकतो, आणि हे पत्करणे खरे असते.

असे पत्करणे आणखी एकाने केले. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक झाल्यावर गांधीजींबरोबर त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, हृदयविकाराने ते गेले. वय अवघे पन्नास. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांच्या देहाला स्नान घातले आणि त्याच आवारात दहन झाले. पाच वर्षांनी दिल्लीत जल्लोष चालू असताना गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये उपवास, प्रार्थना आणि सूतकताई करत होते. फाळणीच्या दुःखाबरोबर तो त्यांच्या महादेवाचा पाचवा स्मृतिदिनही होता आणि पहाटे गीतापठण झाले. माउंटबॅटनची तारीख गांधीजींपर्यंत पोहोचली तेव्हा ती आधीच त्यांची होती.

आणि आता गोवा. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्द ओलांडून गेली; गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तुकड्या जातच राहिल्या. मात्र एकाच वेळी हजारोंनी शिरायचे, त्यासाठी दिवस राखून ठेवला तो १५ ऑगस्ट. पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीच्या हाकेला देशभरातून माणसे आली. हातात शस्त्र नव्हते. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग बेनीपाल पडला. नेहरू सरकारने त्यानंतर सामुदायिक सत्याग्रह थांबवला आणि गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. त्या थांबवण्यावर वाद घालता येईल, घालावाही. पण ज्या तारखेला हे लोक मरायला गेले ती त्यांनी स्वतः निवडली होती. ज्या देशाची एक बाजू अजून गुलाम आहे, त्याच्या स्वातंत्र्यदिनी झेंडा तिकडे न्यायचा, एवढा साधा आणि जबरदस्त हिशेब त्यामागे होता.

तिथीवाल्यांना माझे विचारणे एवढेच आहे: तुमच्या नव्या शुभदिनी कर्नैलसिंगला कुठे बसवणार? आणि सरकारला मागणे असे: महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडावंदन झाल्यावर, पाहुण्यांच्या भाषणाआधी, पत्रादेवीला आणि इतर सीमांवर पडलेल्या सत्याग्रहींची नावे वाचली जावीत, आणि त्यांच्या आधी एक नाव, महादेव हरिभाई देसाई. यंदापासून.