चीवर आणि मढ्यावरचे कापड

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची चूल यंत्रमागावर पेटते. कापडाची प्रत बोटांनी ओळखणारी ही माणसे. भिक्खूंच्या अंगावरील चीवर पाहून त्यांना प्रश्न पडणे साहजिक आहे : कोरे कापड मिळत असता ते तुकडे जोडून का शिवतात ?

चीवर हा शब्द पालीत आहे, तसाच संस्कृतातही. त्याच्या जवळचा ‘चीर’ म्हणजे कापडाची पट्टी. आरंभीचे भिक्खू उकिरड्यावरील व स्मशानातील चिंध्या वेचून, धुऊन, शिवून, रंगवून पांघरीत. त्याला पंसुकूल म्हणत. पंसु म्हणजे धूळ. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवान बुद्धांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यास अनुज्ञा दिली. परंतु तेही कापून, मगधातील भातशेतीच्या बांधांप्रमाणे जोडावे, असा विनयाचा दंडक आहे. कापलेल्या वस्त्राचा चोराला लोभ नाही आणि नेसणाऱ्याला गर्व नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे : स्मशानातील कापड आमच्या वाडवडिलांच्याही वाट्याला होतेच ना ? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांची वस्त्रे नेसावीत अशी आज्ञा आहे. गावगाड्याने मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ ठरविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना सांगितले, की ज्या नेसण्यावरून जात ओळखू येते ते सोडून द्या. मग पुन्हा चिंध्यांच्या वस्त्रापुढे मस्तक का लववावे ?

बंधुभगिनींनो, भेद कापडात नाही. मढ्यावरचे कापड जन्माने लादलेले होते. बापाचे ते मुलाच्या अंगावर येई आणि फेकून देण्याची मुभा नव्हती. चीवर मनुष्य स्वतःच्या इच्छेने घेतो व इच्छा झाल्यास परत ठेवतो. पहिल्याने जात जाहीर केली, दुसऱ्याने ती पुसली. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि त्या राजपुत्रांनी त्याला वंदन केले. तेथे दोघांचे वस्त्र एकच होते.

यावरून आपण काय घ्यावे ? लाचारीला साधेपणा म्हणू नये. त्याग तोच करू शकतो ज्याच्यापाशी निवडीचे स्वातंत्र्य आहे. म्हणून आपली मुले स्वच्छ, नीटनेटक्या कपड्यांत शाळेत जावीत. त्यात धम्माला काहीच बाध नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लोक शुभ्र वस्त्रे नेसूनच दीक्षेला आले होते. मात्र वर्षावास संपल्यावर चीवरदान करताना कोणाचे कापड भारी, ही चढाओढ नको. ज्या वस्त्राची किंमत मुद्दाम कात्रीने उतरविली, त्याच्यावर आपण मोठेपणाचा भाव पुन्हा चढवू नये.