कंपनीचे स्पीकर राहू देत

ठाणे

चि. बाळ,

तू गाडीचा स्टिरिओ बदलतो आहेस आणि दुकानदार चार नवे स्पीकर नि वर बेस ट्यूबही घ्यायला सांगतोय, असं ताईकडून कळलं. स्टिरिओ जरूर बदल. कंपनीचे स्पीकर मात्र तूर्त काढू नकोस.

डोंबिवलीहून काटई, शिळफाटा, मुंब्रा बायपास असा रोज ठाण्याला येतोस, तेव्हा ऐकतोस काय? अभंग, नाट्यगीतं, बातम्या. गाणाऱ्याचा गळा, पेटी, तबल्याची चाट हे सगळं साधा कागदी कोनाचा स्पीकरही नीट वाजवतो. कमी पडतो तो खर्ज, डग्ग्याचा आणि पखवाजाचा घुमार. पण त्यात दाराचाही मोठा दोष असतो. आतला पत्रा पातळ, त्याला हात जाईल एवढी भोकं. कोनाच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला खर्ज मारतो. महागडा स्पीकर त्याच दारात बसवलास, तर त्याचंही तेच होणार.

म्हणून वाचलेले पैसे पुढच्या दोन दारांवर घाल. ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावून घे. डांबराची स्वस्त शीट उन्हात मऊ पडते, वास मारते. भोकं बुजली की खर्ज भरतो, शिवाय बायपासवर शेजारून जाणाऱ्या कंटेनरची घरघरही थोडी बाहेर राहते. हे काम तिथे उभा राहून करून घे. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत जातंच आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं शीटखाली जाता कामा नयेत, नाहीतर दार आतून गंजेल. डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा घाईत फाडतात आणि तसाच सोडतात. तो पुन्हा कडेने चिकटवून घे. आपल्याकडचा जुलै त्या पडद्याशिवाय काढलास, तर पॅड फुगेल आणि मॅट ओली होईल.

आता स्टिरिओ. खोक्यावरच्या ‘५० वॉट गुणिले ४’वर जाऊ नकोस. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात; तेवढ्यावर स्टिरिओच्या आतला अँप्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे जेमतेम २० वॉट देतो. कंपनीचे स्पीकर एवढं सहज सोसतात. ते मरतात आवाज फाटेपर्यंत वाढवल्यामुळे. अँड्रॉइड स्टिरिओ विकताना रॅम आणि स्क्रीनचे इंच सांगतात. तू विचार हाय-पास फिल्टर आहे का, इक्वलायझरला किती पट्ट्या आहेत, पुढेमागे अँप्लिफायर जोडायला प्री-आउट आहे का. हाय-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेव आणि बेस बूस्ट बंद. न झेपणारा खालचा भार उतरला की तोच स्पीकर मोकळा वाजतो, हे तुला पहिल्याच गाण्यात कळेल.

वायर कापू देऊ नकोस. तुझ्या मॉडेलचा कपलर मिळतो, तोच लावायला सांग. स्पीकरची उणे वायर बॉडीला अर्थ करायची नाही, त्याने अँप्लिफायर जळतो. गाडी बंद केली की स्टिरिओ सेटिंग विसरत असेल, तर पिवळी वायर बॅटरीच्या कायम सप्लायवर गेलेली नाही असं समज.

पैसे देण्याआधी तुझ्या ओळखीचं एक गाणं लाव, बॅलन्स मध्यावर ठेव. गळा डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू आला पाहिजे. तो विखुरलेला वाटला आणि खर्ज गायब असेल, तर एका दारात अधिक-उणे उलटं जोडलंय. दुकानातल्या डेमोची तुलना करताना दोन्हीकडे आवाज सारखा ठेव. मोठा वाजणारा नेहमीच चांगला भासतो.

एवढं करून महिनाभर ऐक. एखाद्या स्पीकरचा कोन फाटला असेल, खरखरत असेल, तर पुढची जोडी तेवढी बदलू, मी सोबत येईन. तुला खरोखरच ढोल-ताशाचा दणका हवा असेल, तर मात्र या स्पीकरांकडून तो निघणार नाही. तेव्हा सीटखालच्या छोट्या सबवूफरचं बघू. जुना स्टिरिओ आणि त्याची फ्रेम दुकानात सोडून येऊ नकोस, गाडी विकताना लागतील.

तुझा,
मामा