हातातली सिलिकॉनची ट्यूब खाली ठेव

ती ट्यूब खाली ठेव आणि इथे समोर उभा राहा. बाकीच्यांनीही हातातली कामं थांबवा. हे मी सगळ्यांसमोर बोलणार आहे, कारण चूक एकट्याने केली असली तरी हीच सवय इथे प्रत्येकाच्या हाताला लागायला बघते आहे.

काल संध्याकाळी एमजीबीच्या मालकांचा फोन आला. साठ वर्षं जुनी गाडी आहे, 1965 सालची. त्यांनी विचारलं, ‘सर, तुमच्याकडे शिकणारा मुलगा म्हणतो इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर काढावं लागेल. खरं का?’ मी त्यांना थांबायला सांगितलं आणि आज सकाळी स्वतः गाडीखाली गेलो. तिथे जे दिसलं त्याने माझा संताप अजून उतरलेला नाही.

पहिली गोष्ट. तू त्या गाडीखाली झोपलास तेव्हा गाडी नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर होती. स्टँड कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि मागच्या चाकाला अडणी म्हणून एक वीट लावली होतीस. जॅकचं सील कधी बसेल हे कुणी सांगू शकत नाही. नऊशे किलोंची गाडी छातीवर आली तर चारफाट्यावरून ॲम्ब्युलन्स येईपर्यंतसुद्धा वेळ मिळणार नाही. तुझ्या आईला काय सांगायचं मी? जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. स्टँडशिवाय जो गाडीखाली जाईल त्याने त्या दिवशी माझ्या हाताखाली काम करायचं नाही. आता यावर पुन्हा बोलणार नाही.

आता गळतीकडे ये. जमिनीवर तेलाचा डाग बेल हाऊसिंगच्या खाली पडला होता, बरोबर ना? तिथे खालच्या भोकात एक स्प्लिट पिन लोंबकळते, तिच्या टोकाला थेंब लागलेला होता. तेवढं पाहिलंस आणि ठरवून मोकळा झालास: पुढचं सील गेलं, म्हणजे इंजिन काढावं लागणार. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासकट वर ओढावा लागतो, हे तुला माहीत आहे. म्हणूनच तुझा निष्कर्ष इतका महाग होता. मालकांच्या खिशातून किती पैसे गेले असते? आणि साठ वर्षं जुने बोल्ट, रबरी माउंटिंग, क्लचची नळी, वायरींचे जोड हे सगळं विनाकारण उसवलं गेलं असतं. उसवताना त्यातलं काहीतरी तुटलंच असतं.

थेंब जिथून पडतो तिथेच तेल गळत असतं, हे तुला कुणी शिकवलं? मी नाही. तेल धातूच्या अंगावरून वाहतं, बोल्टच्या डोक्यावर थांबतं, कडेवरून पुढे सरकतं आणि मग जिथे जागा मिळेल तिथे सुटतं. गाडी चालताना हवा त्याला मागे ढकलते. गाडी उभी असताना उताराच्या दिशेने ते ओघळतं. त्या फार्महाऊसचं आवार तू पाहिलं आहेस. गाडी शेडमध्ये नाक खाली करून उभी असते, पुढचा भाग मागच्यापेक्षा चांगला वीतभर खाली. मागून निघालेलं तेल रात्रभर गिअरबॉक्सच्या पोटावरून पुढे येतं आणि स्प्लिट पिनवरून टपकतं. हे समजायला इंजिन काढावं लागत नाही, गाडी कुठे आणि कशी उभी असते एवढं विचारावं लागतं. तू विचारलंस का? नाही.

आणि पुसलंस का? तेही नाही. बॉक्सच्या पोटावर तेल आणि मातीचा थर तसाच होता, त्यावरच तू सिलिकॉन थापलंस. मी सकाळी रॉकेल आणि ब्रशने तो सगळा भाग धुतला, वाळू दिला, खडूची पूड फुंकली आणि गाडी पळसदरीपर्यंत नेऊन आणली. परत येऊन बघितलं तर बेल हाऊसिंगवरची पूड पांढरी आणि कोरडी. ओल दोनच ठिकाणी होती. एक, स्पीडोमीटरची केबल जिथे बसते त्या जोडावर. दुसरी, अगदी मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजभोवती. आणि तिथे वर टनेलच्या आतल्या बाजूला तेलाची गोल रेघ उमटली होती, फिरत्या फ्लँजने उडवलेली. ती रेघ म्हणजे मागच्या सीलची सहीच. बॅटरी लावून वर पाहिलं असतंस तर तुलाही दिसली असती.

मागचं सील का गेलं, याचाही विचार तू केला नाहीस. गाडी पावसाळ्यात चार महिने उभी होती. आपल्या कर्जतचा पाऊस तुला मी सांगायला नको. सीलची रबरी कड इतके दिवस शाफ्टच्या एकाच जागी टेकून राहते, कोरडी पडते, ताठरते. कडेच्या बाहेर फ्लँजवर दमट हवेने गंज धरतो. मग दसऱ्याला गाडी बाहेर काढली की तो गंज कानशीसारखा रबर खरवडतो. म्हणून नवीन सील आणण्याआधी फ्लँज हातात घेऊन नखाने बघायचं. नख अडकलं, खाच लागली, तर नवीन सीलसुद्धा टिकणार नाही. आधी फ्लँज घासून गुळगुळीत करायची किंवा बदलायची.

आता तू बॉक्समध्ये घातलेल्या तेलाबद्दल बोलू, कारण ती चूक सिलिकॉनपेक्षा मोठी आहे. डिपस्टिक गालिच्याखाली, टनेलच्या रबरी बुचात आहे, हे तू शोधलंस. तेवढं चांगलं केलंस. पण त्या भोकातून तू ईपी 90 ओतलंस, जीएल-5 लिहिलेलं. का? ‘गिअरबॉक्स आहे म्हणून गिअर ऑइल.’ कंपनीने या गाडीच्या बॉक्ससाठी इंजिनाचंच तेल सांगितलं आहे, आज आपण 20 डब्ल्यू 50 घालतो. 90 हा आकडा मोठा दिसला म्हणून तेल जाड आणि म्हणून गळती थांबेल, असं तुला वाटलं असणार. गिअर ऑइलचं मोजमाप वेगळं असतं. गिअरचं 90 हे इंजिनच्या 40 ते 50च्या आसपासच असतं. म्हणजे जाडी वाढली नाहीच, वर भलतं मिश्रण आत गेलं. जीएल-5 मध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं भरपूर असतात. ती डिफरन्शियलच्या दातांना वाचवायला बनवली आहेत. पिवळ्या धातूला ती खातात, आणि या बॉक्सच्या सिंक्रोच्या रिंगा पितळी आहेत. शिवाय मागे ओव्हरड्राइव्ह आहे. त्याचं तेल वेगळं नसतं, बॉक्समधलंच त्याला मिळतं. त्याच्या आतला शंकू घर्षणावर पकडतो. निसरड्या द्रव्यांनी त्याची पकड सुटते. मालक घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा स्विच टाकतात आणि तो घसरायला लागला, तर त्याची जबाबदारी कुणाची?

तुझ्यासारख्या कर्जतच्या मुलाला हे सांगायला लागावं याचं मला वाईट वाटतं. लहानपणापासून तू स्टेशनावर बघत आला आहेस. भोर घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात, आणि उतरणारी गाडी घाटातच थांबवून तिचे ब्रेक तपासतात. कितीही उशीर झाला असला तरी तपासतात. त्या लोकांना घाट पाठ आहे, तरी ते अंदाजावर गाडी सोडत नाहीत. आणि तू एक थेंब पाहून दोन-तीन दिवसांच्या कामाचा हिशोब मालकांना देऊन बसलास.

पाने कुठले वापरलेस ते बघितलं मी. फ्लँजच्या बोल्टची दोन डोकी गोल झाली आहेत. तेरा नंबरचा पाना लावलास ना? या गाडीवर अर्धा इंची बोल्ट आहेत, म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेरा बसतो, पण सैल बसतो, आणि जोर दिला की कोपरे खातो. तू प्रीमियर पद्मिनीवर शिकलास. कुर्ल्याची गाडी, सगळी मिलिमीटरमध्ये, म्हणून हाताला तेरा, चौदा, सतराच लागतात. पद्मिनीच्या टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. तुझ्या हातातला नंबर मात्र अजून तोच आहे. इंची पान्यांचा डबा दुसऱ्या फळीवर आहे. तो डबा तुझ्यासाठीच आणला आहे.

सीलसुद्धा इंची मापाचंच लागेल. जुनं सील काढल्यावर त्याच्यावरचं माप आणि फ्लँजचं माप कॅलिपरने घ्यायचं, कागदावर लिहायचं आणि तो कागद घेऊन मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जायचं. दुकानदार ‘जवळपास हेच आहे’ म्हणून मिलिमीटरचं देईल, ते घ्यायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरने सैल सील हातोडीने ठोकून, बाहेरून सिलिकॉन लावून बसवलेलं मी खूप पाहिलं आहे. बसवतानाही ठोकाठोकी नको. सीलच्या व्यासाची पोलादी कडी किंवा पाइपचा तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी सारखं ढकलायचं, कड तेलाच्या बाजूला, आणि कडेला आधी बोटाने तेल लावायचं. कोरडं सील पहिल्या मैलातच जळतं. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचाची खूण करायची, म्हणजे जसा होता तसाच परत बसेल, नाहीतर गाडी थरथरते. आणि ओव्हरड्राइव्हचं कुठलंही बूच सोडण्याआधी इंजिन बंद ठेवून, इग्निशन चालू करून, टॉप गिअरमध्ये स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करायचा. त्यात दाब साठून राहतो. तू न विचारता बूच सोडलं असतंस तर गरम तेल सरळ डोळ्यांत आलं असतं.

ईपी घालण्याआधी तू काढलेलं तेल कुठे गेलं, हे विचारण्याआधीच मी गटाराच्या तोंडाशी जाऊन आलो. पाण्यावर इंद्रधनुष्य होतं. आपलं गटार उल्हासला मिळतं, आणि खाली बदलापूरच्या बॅरेजवर तेच पाणी लोक प्यायला उचलतात. वापरलेलं तेल 2016च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते पिंपात जमा करायचं आणि परवानाधारक माणसालाच द्यायचं. इथे शिकणाऱ्या कुणीही नदीत तेल सोडलं तर मी त्याला परत उभं करणार नाही.

एक गोष्ट समजून घे. अशा गाड्या आता केंद्राच्या 2021च्या नियमांत विंटेज म्हणून नोंदवता येतात. वय पन्नासच्या पुढे हवं आणि बॉडी, चासी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. रोजच्या वापराला त्यांना बंदी आहे, पण प्रदर्शनाला, रॅलीला आणि दुरुस्तीला त्या रस्त्यावर येतात. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या, म्हणून जगात भाग मिळतात. आपल्याकडे मात्र त्या इतक्या थोड्या आहेत की एखादा बोल्ट वाया गेला तर तो पार्सलने मागवावा लागतो. मालक ही गाडी त्यांच्या वडिलांची म्हणून सांभाळतात. त्यांनी ती तुझ्या हाती दिली, माझ्या नाही. कारण मीच त्यांना सांगितलं होतं की या पोराचा हात हलका आहे. हात हलका आहेच, हे मी आजही म्हणतो. तुझं कान देणं आणि बघणं कच्चं आहे, आणि ते मला मान्य नाही.

आता ऐक. उद्या सकाळी आधी बॉक्समधलं सगळं तेल पिंपात काढ. पुन्हा 20 डब्ल्यू 50 घाल, थोडं चालव, परत काढ, परत घाल, म्हणजे त्या ईपीचा अंश जाईल. डिपस्टिकवरची खूण ओलांडायची नाही. जास्त भरलेला बॉक्सही वरून गळतो. ब्रीदर साफ आहे का ते बघ, तो तुंबला की आतला दाब सील बाहेर ढकलतो. मग स्पीडोच्या जोडाचं सील, मग मागचं. खडूची पूड टाकून स्वतः गाडी पळसदरीपर्यंत ने आणि मला दाखव. आणि आज, जेवायला बसण्याआधी, मालकांना फोन कर. ‘काका, इंजिन काढायची गरज नव्हती, मी चुकीचं सांगितलं. चुकीचं तेलही घातलं होतं, ते बदलून देतो,’ असं तुझ्या तोंडाने सांग. त्या तेलाचे आणि दोन बोल्टचे पैसे बिलात लावायचे नाहीत. मी इथेच उभा आहे. लाव फोन.