जाम झालेला नट आणि निष्काम कर्म

काशीद, नांदगाव, मुरुड या पट्ट्यात रस्ता समुद्राला बिलगून जातो. तिथल्या खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड गंजू लागतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट-बोल्टचे आटे एकमेकांत रुतून बसतात. मग घरच्या अंगणात गाडी जॅकवर चढवून, खाली स्टँड लावून चाक वळवणारा टाय रॉड बदलायला बसलेल्या माणसाचा पाना नटावरून सटकत राहतो. नटाचे कोपरे झिजतात, नट हलत नाही.

अशा वेळी पान्यात पाइप अडकवून सगळा भार टाकायचा मोह होतो. त्यात बहुधा बोल्टच तुटतो. शहाणा माणूस आटे तारेच्या ब्रशने घासतो, गंज सोडवणारं तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो.

हे थांबणं काम म्हणायचं की आळस?

कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म कसं पाहायचं, हा गीतेच्या चौथ्या अध्यायातला प्रश्न. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं केली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विनोबांची मांडणी अशी, की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी. या जोडीला ते विकर्म म्हणतात. ती मिळाली की कर्माचं ओझं उरत नाही, त्याचं अकर्म होतं. या हिशेबात तेल मुरेपर्यंत थांबणारा माणूस रिकामा बसलेला नसतो.

पण मनाची जोड म्हणजे मवाळपणा नव्हे. टाय रॉडच्या टोकाचा खुंट निमुळता असतो आणि चाक ज्यावर बसतं त्या नकलमधल्या (स्टीअरिंग नकल) तशाच निमुळत्या भोकात आवळून बसलेला असतो. नट निघाला तरी तो सुटत नाही. उतावळा माणूस खुंटाच्या आट्यांवर हातोडा घालतो आणि आटे चेपून बसतो. जाणकार नकलच्या भोकाला बाजूने सणसणीत ठोका देतो. भोक क्षणभर किंचित दबतं, पकड सुटते, खुंट खाली येतो. हात दोघांचाही जोरातच चालतो. लक्ष मात्र एकाचंच असतं.

फळाची आसक्ती सोडा, हा गीतेचा उपदेश इथे धोक्याचा वाटू शकतो. कार्लेखिंडीच्या उतारावर टाय रॉड निसटला तर? गाडीत बसणाऱ्यांची काळजी हेही फळच, आणि ते सोडून चालणार नाही. सोडायचं ते दुसरं फळ: ‘मीच सोडवून दाखवला’ हे. त्यातच अडकलेला माणूस दाबलेली कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडायला जातो, किंवा गॅसभरल्या शॉकअॅब्सॉर्बरला ज्योत लावतो. दोन्ही जिवावर बेतू शकतात. तिथे हात आवरून गाडी गॅरेजवाल्याच्या ताब्यात देणं, हाही त्या कामाचाच भाग. जुना टाय रॉड किती आट्यांनी निघाला ते मोजणं, नवा तितकाच बसवणं, नवी स्प्लिट पिन घालणं आणि शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेणं हेही त्यातच येतं. त्याबद्दल शाबासकी कुणी देत नाही.

किती थांबायचं, याचं माप मात्र तत्त्वज्ञान देत नाही. पुन्हा पुन्हा तेल सोडूनही नट हलला नाही, तर ग्राइंडरने तो चिरावाच लागतो. टाय रॉड तसाही भंगारात जाणार असतो. जपायचा असतो तो नकल.