न वाचलेलं उत्तर

१९८०च्या दशकात भोसरीच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना होता. तिथे यंत्रांची कंट्रोल कार्डं बनत. प्रत्येक कार्डावर एक ईप्रॉम बसे, म्हणजे वीज गेली तरी आतली माहिती न विसरणारी चिप. ती भरायला डेटा आय/ओ कंपनीचा प्रोग्रॅमर होता आणि तो एक मावशी चालवत. त्या चिपचा कोड दाबायच्या, डिस्प्लेवर काय उमटलं ते पुटपुटत वाचायच्या आणि मगच पुढच्या बटणाला हात लावायच्या. २७३२ जातीच्या चिपमध्ये ४०९६ बाइट, आणि एकेका बाइटला २५ व्होल्टचा ५० मिलिसेकंदांचा झटका. एक चिप भरायला जवळजवळ साडेतीन मिनिटं लागत.

मग नवा इंजिनिअर आला. मुलगा हुशार, कामाला वाघ. हा प्रोग्रॅमर केबलने संगणकाला जोडून दुरूनही चालवता येतो, हे त्यानं पुस्तकात वाचलं. चार आकडे आणि पुढे @ पाठवलं की चिपची जात ठरते, तिच्याबरोबर व्होल्टेज आणि पिनांची मांडणीही. ‘बी’ म्हणजे चिप कोरी आहे का बघ, ‘पी’ म्हणजे भर, ‘व्ही’ म्हणजे पडताळून पाहा. यंत्र प्रत्येक हुकमाला उत्तर देतं. > आलं तर काम झालं, ‘एफ’ आलं तर फसलं, ? आलं तर हुकूम कळलाच नाही. माझ्या मते त्या पुस्तकातलं सगळ्यांत मोलाचं पान हेच. मुलानं हुकूम पाठ केले आणि या पानावरून नुसती नजर फिरवली.

त्याचा प्रोग्रॅम ओळीनं हुकूम सोडायचा. उत्तराच्या जागी त्यानं घड्याळ लावलं होतं: ‘पी’नंतर २१० सेकंद थांब, मग पुढचा हुकूम. मावशींच्या हाती फक्त चिप बदलणं उरलं.

“दादा, यंत्र काय म्हणतंय ते आता मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“गरजच नाही मावशी. संगणक बघतोय ना.”

संगणक काहीच बघत नव्हता.

काही महिने काम सुरळीत चाललं. मग बाजारातून २७३२च्या जागी २७३२ए आल्या. अंगावर एकच अक्षर जास्त, पण यांना भरताना २१ व्होल्ट लागतात आणि २२च्या वर गेलं तर चिप खराब होते. मुलाला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं कोड बदलला, तोही अचूक. पण केबलचा जोड सैल होता आणि हुकमातलं एक अक्षर वाटेतच बिघडलं. यंत्रानं ? पाठवलं आणि आधीची २५ व्होल्टची मांडणी तशीच ठेवली. पाठोपाठ ‘पी’ आलं. ते मात्र नीट पोचलं. मावशी दिवसभर चिपा बदलत राहिल्या.

संध्याकाळी टेस्टिंगच्या टेबलावर एकही कार्ड चालू होईना. मुलानं यंत्राकडून काय येतंय ते पहिल्यांदाच पडद्यावर उतरवून घेतलं. चिप लावली, हुकूम सोडले. ‘एफ’. दुसरी लावली. ‘एफ’.

“पण मी कोड बरोबर पाठवला होता,” तो म्हणाला.

“पाठवलात, दादा. त्याला पोचला का, हे विचारलं नाहीत.”

चिपांच्या काचेच्या खिडकीतून वीस मिनिटं अतिनील प्रकाश देऊन पाहिला. त्या प्रकाशानं भरलेली माहिती पुसते, पण जास्त व्होल्टेजनं गेलेली चिप दुरुस्त होत नाही. दिवसभराचा सगळा माल भंगारात गेला.

मुलानं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. > आल्याशिवाय पुढचा हुकूम सुटायचा नाही. ? किंवा ‘एफ’ आलं की काम तिथेच थांबायचं, आणि कशावर थांबलं ते मावशींना दिसेल असा पडदा त्यानं त्यांच्याकडे वळवून ठेवला. वेळ वाढेल अशी मालकांना धास्ती होती. ती खोटी ठरली. एका चिपचं > सुमारे २०५ सेकंदांत येई. जुना प्रोग्रॅम मात्र दर वेळी २१० सेकंद थांबत होता.