थांबलेला हात

उंच चौथऱ्यावर दोन उस्ताद झुंजत असतात. दम्याने त्रस्त असलेला एक मुलगा लपून ती झुंज पाहत असतो, कारण त्यांतला एक त्याचा बाप आहे. बापाची मूठ प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. तो ठोसा बसला असता, तर समोरचा जिवानिशी गेला असता. समोरचा मात्र तेवढ्या क्षणाचा फायदा घेतो आणि बापाला चौथऱ्यावरून खाली पाडतो. बाप हरला, असं गर्दी म्हणते. मुलगाही तेच मानतो आणि आपण कधीच हरायचं नाही, अशी गाठ मनाशी बांधतो.

रॉनी यू यांनी दिग्दर्शित केलेल्या २००६ सालच्या ‘फिअरलेस’ या चिनी चित्रपटाची सगळी गोष्ट या एका गैरसमजातून उगवते. जेट ली यांनी त्यात हुओ युआनजिया या कुंग-फूच्या उस्तादाची भूमिका केली आहे. बापाने हात आवरला, ती त्याची ताकद होती; मुलाला त्यात दुबळेपणा दिसला. असं घरोघरी होतं. भावकीच्या वादात गप्प राहिलेले वडील, बोलायला जागा असूनही न बोललेली आई यांना आपण लहानपणी नेभळट ठरवून मोकळे होतो, आणि पुढे त्यांच्या उलट वागण्यालाच पराक्रम समजतो.

मोठा झालेला हुओ तिआनजिन शहरात एकामागून एक झुंजी जिंकत जातो. भोवती शिष्यांचा गराडा, रोज मेजवान्या, वाढतं कर्ज. एका शिष्याला छिन नावाच्या उस्तादाने मारलं म्हणून तो भर मेजवानीत छिनवर चालून जातो आणि त्याचा जीव घेतो. सूड म्हणून छिनचा मानसपुत्र हुओच्या आईला आणि लहान मुलीला मारतो. मग कळतं, की मुळात चूक हुओच्या शिष्याचीच होती. ज्या कारणासाठी दोन घरं उद्ध्वस्त झाली, ते कारणच खोटं होतं. बाप वार का थांबवत होता, याचं उत्तर हुओला इथे मिळतं. उगारलेल्या हाताला सगळं ठाऊक नसतं. थांबणाऱ्या हाताने निदान चूक सुधारायला जागा ठेवलेली असते.

भरकटलेला, नदीत बुडता बुडता वाचलेला हुओ डोंगरातल्या एका खेड्यात येऊन पडतो. एक म्हातारी आणि तिची आंधळी नात त्याची शुश्रूषा करतात. चित्रपटातल्या झुंजी युएन वू-पिंग यांनी बसवल्या आहेत आणि त्या बघण्यासारख्या आहेतच. पण मला सगळ्यांत मोठा वाटतो तो भातलावणीचा प्रसंग. गावकरी ओळीने वाकून लावणी करत असतात. हुओ त्यातही शर्यत लावतो. भराभर रोपं खोचत सगळ्यांच्या पुढे निघून जातो आणि आपण पहिले आलो, या समाधानात असतो. त्याची रोपं दाटीने लागलेली असतात. अशी रोपं नीट वाढत नाहीत, मुळांना जागाच उरत नाही, हे भात करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ती आंधळी मुलगी नंतर चिखलात उतरते, त्याने लावलेली रोपं हाताने चाचपून उपटते आणि योग्य अंतरावर पुन्हा लावते. त्याला ती एका शब्दाने बोलत नाही.

त्याच शेतात वारा आला की सगळे गावकरी कामातून उभे राहतात, डोळे मिटून वारा अंगावर घेतात आणि मग पुन्हा वाकतात. हुओ सुरुवातीला थांबत नाही. पुढे एक दिवस तोही थांबतो. माणूस बदलल्याचा इतका खरा पुरावा मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे. रडणं नाही, शपथ नाही. आपण थांबलो तर कुणी पुढे जाईल, ही भीती त्याच्यातून गेलेली आहे, एवढंच. नम्रतेबद्दल आपण खूप बोलतो, पण ती बोलून येत नाही. जिथे आपलं नाव कुणाला ठाऊक नाही, आपल्या मोठेपणाला काही किंमत नाही, अशा कामात बराच काळ हात बुडवावे लागतात. आणि आपली चूक गाजावाजा न करता निस्तरणारं माणूस भेटावं लागतं.

काही वर्षांनी हुओ तिआनजिनला परततो. घरच्यांच्या थडग्यांपाशी जातो, छिनच्या घरी जाऊन क्षमा मागतो. चित्रपट इथे घाई करतो, ही माझी तक्रार आहे. ज्या घरातला माणूस आपण मारला, त्या घराचा उंबरा ओलांडणं कोणत्याही झुंजीहून अवघड असतं. तिथे कॅमेऱ्याने आणखी थांबायला हवं होतं. क्षमा मागून छिन परत येत नाही, हुओची मुलगीही येत नाही. उरलेलं आयुष्य कसं वापरायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं.

ते तो कसं वापरतो? शांघायमध्ये ओब्रायन नावाच्या धिप्पाड परदेशी मल्लाशी लढताना तो मल्ल खिळ्यांवर कोसळू लागतो, तेव्हा हुओ त्यालाच सावरून धरतो. १९१० सालच्या अखेरच्या झुंजीत त्याला चहातून विष दिलं जातं. रक्त ओकत तो जपानी प्रतिस्पर्धी तानाकापर्यंत पोचतो. एका ठोशात तानाका संपला असता. हुओची मूठ थांबते, आणि तो कोसळतो. तानाका त्यालाच विजयी घोषित करतो. शिष्यांना हुओने बजावलेलं असतं, की सूड घ्यायचा नाही. याच हुओच्या मृत्यूवर १९७२ साली ब्रूस लीचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आला होता. त्यात शिष्य गुरूच्या मृत्यूचा सूड घेत सुटतो. एकाच मृत्यूतून निघालेल्या या दोन गोष्टींपैकी मला ‘फिअरलेस’ची, सूड नाकारणारी, जास्त धीराची वाटते. अफूची युद्धं आणि परकीय फौजा सोसलेल्या, ‘पूर्वेचा आजारी माणूस’ म्हणून हिणवल्या गेलेल्या देशाची ती गोष्ट आहे. अशा देशात सुडाची गोष्ट आपोआप टाळ्या घेते.

इतिहासातला हुओ युआनजिया मात्र वेगळा होता. त्याची आई आणि मुलगी अशा मारल्या गेल्या नव्हत्या. त्याचा वंश पुढे चालला, आणि चित्रपटाने आमच्या पूर्वजाची बदनामी केली, असा आक्षेप त्याच्या वारसांनी घेतला. तो मला रास्त वाटतो. पश्चात्तापाची गोष्ट रंगवण्यासाठी एका खऱ्या माणसाच्या माथी न केलेलं पाप मारलं गेलं. त्याच्या खऱ्या आयुष्यात ठळकपणे दिसते ती शांघायमधली जिंगवू संस्था. १९१० साली ती सुरू झाली आणि त्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, तो वारला. ज्या काळात कुंग-फूची घराणी आपापल्या विद्या चार भिंतींआड जपत, त्या काळात या संस्थेत निरनिराळ्या घराण्यांच्या पद्धती एका छताखाली, कुणालाही उघडपणे शिकवल्या जाऊ लागल्या. पुढे तिच्या शाखा मलेशिया-सिंगापूरपर्यंत गेल्या.