पंचाचा न्याय

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची मैदाने सर्वत्र सारखी नसतात. कोठे झाडाची फांदी आत झुकलेली, कोठे कुंपणाखाली फट. म्हणून सामन्यापूर्वी यजमान संघाचा प्रमुख त्या जागेचे नियम मांडतो. प्रतिपक्षास ते मान्य नसतील, तर पंच ठरवितो. मात्र खेळाच्या मूळ नियमांस बाध येता कामा नये. मोठ्यांच्या खेळातही हेच चालते. शिकागोच्या रिग्ली मैदानाच्या भिंतीवर १९३७ साली वेल लावली. तिच्यात चेंडू अडकला, तर फलंदाजास दोन बेस मिळतात.

मग न्याय जागोजागी बदलतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. बेस एक द्यावा की दोन, यात नीती-अनीती नाही. परंतु चेंडू अडकल्यावर, लाभ कोणाचा हे पाहून नियम करणे हा पक्षपात होय. आधीच, दोघांसमक्ष ठरलेल्या नियमाने हरलेल्या मुलाच्या मनात अढी राहत नाही.

आणि कोणास न सुचलेली अडचण उभी राहिली तर? पंचाने स्वतःस विचारावे : चेंडू दुसऱ्या संघाचा असता, तर आपण हेच म्हटले असते काय? शब्बाथ शाळेत स्पर्धा घेणाऱ्या आपणांसही हा प्रश्न टाळता येणार नाही.